आमच्या खडकावर पुन्हा स्पंज

प्रिय बाबा,

स्पंज परत आलेत! रोगाने सगळे कुजले, तेव्हा तुम्ही बोद्रुम सोडून इझमीरला दादाकडे गेलात. आज पर्यटकांना बुडी मारायला नेलं होतं, तर आपल्या खडकाखाली डोक्याएवढे काळे स्पंज, चांगले अकरा! त्यांच्यामधून एक ऑक्टोपस माझ्याकडे बघत होता, जणू मीच आगंतुक.

वर येताच मी किंचाळले. नावेवरून तुमचे जुने जोडीदार रिफातकाका म्हणाले, "काय गं, मासा चावला?" सांगितलं, तर म्हातारा रडायलाच लागला. मग डोळे पुसत म्हणाला, "बापाला कळवू नकोस हं. काठी टाकून उद्याच पाण्यात उतरेल तो गाढव."

खरंच आहे. स्पंज काढताना खोल पाण्यातून घाईने वर आल्यामुळे तुमचा पाय लुळा पडला. आता एक बुडीसुद्धा जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणतात.

संध्याकाळी फोनवर तुम्ही विचारलंत, "आवाज का गं नाचतोय?"

"गिऱ्हाईकं चांगली होती."

तुम्ही म्हणालात, "कापशील तर बूड खडकावरच ठेव. पुन्हा वाढतं."

'मी येतो' म्हणाला नाहीत. हे पत्र वाचलंत तर म्हणाल, म्हणून ते माझ्याकडेच राहू दे.

तुमची लबाड लेक,
सेरपिल