‘सक्रिय’ म्हणजे काय

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘आमच्या डॉक्टरीणबाईंचा फोन’ असं ऐकवता आणि फोन आईकडे देऊन मोकळे होता. म्हणून लिहितेय आणि दादाच्या हाती पाठवतेय. तुमच्या उशाशी पिवळ्या गोळ्यांची जी डबी आहे ना, तिच्याबद्दल. तिच्यावर आमच्या प्रयोगशाळेचं नाव छापलेलं पाहिल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

ते पिवळं द्रव्य एका झाडाच्या सालीतून काढतात. फिनॉल नावाच्या रसायनांच्या जातीचं, बऱ्याच झाडांत असतं तसलंच. त्याचे डाग माझ्या ओट्यावर, नखांत, ॲप्रनवर. बघवत नाही. आमच्याकडे एक शब्द आहे, ‘सक्रिय’. बशीतल्या पेशींवर द्रव्य घातलं आणि यंत्रावरचा आकडा हलला, की ते सक्रिय. बस्स, एवढाच अर्थ. आमचं हे रत्न मात्र कशावरही घाला, सक्रियच! गाठीच्या पेशी, जंतू, सूज, साखर, काही सोडत नाही. इतकं गुणी कोणी असतं का हो?

मग मी यंत्र बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. यंत्राने मेलेल्या ठरवलेल्या पेशी मजेत हातपाय पसरून बसल्या होत्या. आमच्या चाचणीत जिवंत पेशी चमकतात आणि यंत्र ती चमक मोजतं. हे पिवळं बेणं ती चमकच गिळून टाकतं. पेशींना धक्काही नाही, मेला तो फक्त आकडा. जिथे खरोखर मरतात, तिथेही इतकं ओतावं लागतं की तेवढ्या साबणाच्या पाण्यानेही मेल्या असत्या. प्रयोगशाळा चालवणाऱ्या आमच्या सरांना सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, ‘छान निरीक्षण’ म्हणाले, आणि संध्याकाळी गोळ्यावाल्यांच्या गळ्यात हात घालून फोटो काढला. डबीवर ‘गाठींवर सक्रिय’ असं छापलं, ते त्यानंतर. शब्द आमचाच, खोटं म्हणायची सोय नाही. मला शिसारी आली, बाबा. जिन्यात ते समोर आले की मी उलट्या पावली फिरायची. मी नोकरी सोडली. आईला एवढ्यात सांगू नका.

काल आई फोनवर रडली. तुम्ही गाठीवरची पुढची सुई नको म्हणालात. का, तर लेकीचं औषध मिळालंय! वर शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना अर्धी डबी काढून दिलीत, आणि माझी कीर्ती ऐकून त्यांनीही सुई नाकारली. माझ्यावर हवं तेवढं चिडा, पण उद्या सुई घ्या. आणि घेण्याआधी हे पत्र मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवा, एकही ओळ न गाळता. मला ते ओळखत नाहीत, त्यांनी ऐकलंय ते तुमचं. त्यांचा माझ्यावरचा विश्वास तुम्ही बसवलाय, तो तुम्हालाच उठवावा लागेल.

तुमचीच,
धाकटी