रिझोल्युशन कोण बदलतंय

३ जुलै, बुधवार
लॅपटॉप उघडला तर अक्षरं फुगलेली, टाइमटेबलचे शेवटचे तास स्क्रीनच्या बाहेर. आमची नि हजीरा भागातली शाळा एक झाली, दोन्हीकडच्या शिक्षकांचं टाइमटेबल सोमवारी द्यायचंय. डिस्प्ले सेटिंग्ज उघडलं. रिझोल्युशन ८०० बाय ६००, म्हणून अक्षरं एवढी मोठी! परत १३६६ बाय ७६८ केलं. जुनं मशीन, होत असेल.

४ जुलै, गुरुवार
पुन्हा तेच. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून नवा टाकला. काल हजीऱ्याचे सक्सेना सर माझ्या टेबलाशी बसले होते. दोन शाळांना मिळून टाइमटेबलचा इनचार्ज एकच ठेवणार, ते किंवा मी. ड्रायव्हर कसला बिघडतोय!

५ जुलै, शुक्रवार
तिसऱ्यांदा. सक्सेना सरांना सगळ्यांसमोर विचारलं. "मैडम, मैं आपका लैपटॉप क्यों छुऊँगा?" चेहरा उतरला त्यांचा. नाटक? पासवर्ड बदलला. फक्त यांना सांगितला, हे त्यावर क्रिकेटचा स्कोर बघतात.

७ जुलै, रविवार
काल नीट करून ठेवलेला. शाळेत नेलाच नाही. आज दुपारी उघडला तर अक्षरं फुगलेली. घरात आम्ही दोघंच.
यांना विचारलं. "मी? हात नाही लावला." फार पटकन म्हणाले. नि पेपर उचलला. "काय आलंय?" "खास काही नाही." पूर्वी चहाबरोबर अख्खा पेपर ऐकवायचे. कधी बंद झालं?
आणि रोज सकाळी हेच शेजारी राहणाऱ्या नातीला, इराला, स्कूटरवरून शाळेत... पडाव चौकाच्या त्या गर्दीतून...

८ जुलै, सोमवार
टाइमटेबल दिलं. सक्सेना सरांना सॉरी म्हटलं. "कोई बात नहीं," म्हणाले, पण दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसले. इनचार्जचं ठरलेलं नाही.
यांना म्हटलं, डोळे दाखवून येऊ. भडकले. "तुला सगळ्यांवरच शक! आधी तो मास्तर, आता मी."

९ जुलै, मंगळवार
इरा दप्तर घेऊन फाटकात उभी, हे स्कूटरची किल्ली शोधतायत. किल्ली माझ्या पर्समध्ये.
"तू पाहिलीस?"
"नाही. आज ऑटोने जाऊ दे तिला."
वाटलं, आता ओरडतील. नाही ओरडले. खुर्चीचा हात चाचपून बसले, म्हणाले, "बरं."
उद्याची डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. अजून सांगितलं नाही.