पाय आपटून मारलेली हाक

१३ फेब्रुवारी, गुरुवार
पुन्हा तेच! नात माडीवर खेळत होती. मागून तीनदा हाक मारली, "सृष्टी, ए सृष्टी" — मान वळवली नाही. तेवढ्यात सून आली, फळीवर पाय आपटून "सृष्टी" म्हणाली, तर पोरगी वळून हसली. रेश्मानं तिला खूण शिकवलीय. आजीचं ऐकायचं नाही. दीड वर्षाच्या लेकराला काय कळतंय म्हणा, पण शिकवलं की पोपटही शिकतो.

१४ फेब्रुवारी
पाय आपटला. रेश्मा काय करते ते मी बघतेय.

१६ फेब्रुवारी, संकष्टी
रेश्मा म्हणते, "आई, मिरजेला नेऊन हिचे कान तपासून घेऊ. मला शंका येतेय."
मिरजेला तिचं माहेर — कान हे निमित्त. माझ्या लेकाला, वीरधवलला, फोनवर आधीच पढवून ठेवलंय. तो तिकडं पलटणीत, त्याला इथलं काय दिसतंय!

संध्याकाळी मुद्दाम रेश्माला आरतीला उभी केली. सृष्टी रोजच्यासारखी देव्हाऱ्याला दोन्ही हातांनी धरून. देव्हाऱ्याला टांगलेली घंटा वाजवली, खुदकन हसली. थांबवली, हसू थांबलं.
म्हटलं, "देवाची घंटा ऐकू येते, आजीची हाक तेवढी येत नाही होय गं?"
मला बरं वाटलं. उपास सोडला.

१८ फेब्रुवारी
शेजारची मनुबाई वाती वळायला आली होती. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "आवं, म्हायेराची वड लागली आसंल सुनंला. पोरगीला काय झालंय, लय खेळती की."
उतरताना पायरीवर थांबली. "पर आज्जी म्हनती का तुमास्नी?"
म्हणत नाही. आई पण म्हणत नाही. मग तेही रेश्मानंच शिकवलं?

२१ फेब्रुवारी
ओट्यावर मिक्सर लावला होता. शेजारच्या पातेल्यात पाणी, त्यावर बारीक गोल लाटा. तुळशीची मंजिरी पडली होती, ती जागच्या जागी खालीवर. लाट मात्र काठाला जात होती.
नववीतलं आठवलं. आवाजही लाटच. गुरुजींनी दोन पायांचा लोखंडी नादकाटा वाजवून बाकाला टेकवला होता नि आम्हाला बाकाला कान लावायला सांगितलं होतं. म्हणाले होते, लाकडातून आवाज हवेपेक्षा चांगला जातो.
ओट्यावर हात ठेवला. तळहाताला मुंग्या आल्या.
माडीची जमीन फळ्यांची. देव्हारा सागवानी.
मिक्सर बंद केला. चटणी तशीच भरड राहिली.

२२ फेब्रुवारी
रेश्मा धुणं घेऊन गेली होती. सृष्टीला झोपाळ्यावर बसवलं, पाय अधांतरी. देव्हाऱ्याची घंटा सोडवून घेतली, तिच्या पाठीमागं उभी राहिले. हळू वाजवली. मग जोरात. मग फारच जोरात.
ती पायाची बोटं धरून बघत बसली.
बेदाण्याच्या शेडवरून हे जेवायला आले होते. खालून ओरडले, "अगं, भर दुपारी कसली आरती?"
देवाला हात जोडायलाही घंटा खाली ठेवावी लागली.

२४ फेब्रुवारी, सोमवार
मिरजेच्या पहिल्या गाडीला रेश्माबरोबर मीही जातेय.
सृष्टीला उठवायला गेले. हाक मारली नाही. फळीवर पाय आपटला.
माझ्याकडं बघून हसली.