तिसऱ्यांदा बाहेर

फुलचूर, गोंदिया
१२ सप्टेंबर २००७

प्रफुलदादा,

पुण्याला गेल्यावर तू आपल्या गोंदियावाल्यांसाठी चॅटरूम उघडलीस, मला मॉडरेटर केलंस आणि पासवर्डही माझ्याजवळच ठेवलास. "आमची रीना कोणाले भेत नाही," असं सगळ्यांना सांगत होतास. मग रविवारी मी तुलाच बाहेर काढलं, तर एवढा राग काऊन?

आपल्या रूममधल्या अल्कानं तुझ्या मित्राला लग्नासाठी नाही म्हटलं. तू दीडशे लोकांसमोर तिचा मोबाइल नंबर टाकलास. मी तो पुसला आणि तुला बजावलं. तू पुन्हा टाकलास, मी पुन्हा बजावलं. तिसऱ्यांदा टाकलास तेव्हा काढलं. दोनदा सांगायचं, तिसऱ्यांदा काढायचं, हा नियम तूच टाइप केला होतास. तिला आलेला एक घाणेरडा फोन तिच्या बाबांनी उचलला. तेव्हापासून तिचं कॉलेज बंद आहे.

आई सकाळपासून म्हणून राहिली, "भाऊच होय ना, घे त्याले वापस." मी म्हटलं, "भाऊ घरात. तिथं तो मेंबर आहे."

हे पत्र मी पाठवणार नाही. काढलेल्या माणसाला मी दोनच ओळी पाठवते: काय चुकलं आणि परत कसं यायचं. तुलाही रविवारीच पाठवल्या. अल्काची माफी लिहून पाठव, मी ती सगळ्यांसमोर टाकीन, मग ये. भाऊ आहेस म्हणून तिसरी ओळ मिळणार नाही.

तुझी धाकटी बहीण आणि रूमची मॉडरेटर,
रीना