बिनतारी वावर

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६, घाटंजी

कॉलेजच्या वार्षिकांकातल्या माझ्या लेखाची आज लाज वाटते आहे. जुन्या काळी विमानांना रेडिओवरून दिशा दाखवणारा बिकन इथे होता, असं मी ठासून लिहिलं. पुरावे दोनच. वैमानिकांच्या जुन्या नकाशावर घाटंजीच्या आसपास पडणारा एक ठिपका, आणि गावाबाहेरच्या शेताचं नाव, 'बिनतारी वावर'. बिनतारी म्हणजे वायरलेस, एवढं मला पुरलं. वर लिहून टाकलं, 'जुन्या लोकांना आठवते'.

आज अंक द्यायला त्या वावरात गेलो. मालकीण कमलाबाई मजूर बायांसोबत कापूस वेचत होत्या.

"सर, तुमचं लिहलेलं वाचून सारे म्हणून राह्यले, वावर आता सरकार घेते. खरं हाय का?"

म्हटलं, तसं काही नाही, पूर्वी इथे बिनतारी यंत्र होतं एवढंच.

त्या बाकीच्या बायांकडे वळून हसल्या. "ऐकलं का वो? यंत्र म्हंते! अवो सर, साऱ्यांच्या वावराले तारीचं कुंपण हाय, आमच्याच नाही. म्हणून बिनतारी!" मग हसू गेलं. "मले इचारलं असतं त सांगतलं असतं. कायले लिहलं असं?"

ठिपका खरा असेलही, पण 'जुन्या लोकांना आठवते'? कोणत्या लोकांना? रोज कमलाबाईंच्या दारावरून कॉलेजला जातो मी.

निघताना म्हणाल्या, "वावर कोणी घेत नाही, हे बी छापा."

खुलासा लिहायला बसलो आहे. पहिलं वाक्य तीनदा खोडलं. आता राहू देतो: मी कोणालाही विचारलं नव्हतं.