बापूची टोपी

शाहूपुरी, ८ ऑक्टोबर १९५१

बरेच दिवस इथे काही लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही केलेच नव्हते. आज केले, आणि स्वतःची किळस आली.

माझी बायको सुमती नैरोबीच्या शाळेत शिकवते. तिच्याकडे जायला मला परवाना हवा. संस्थान विलीन झाले तेव्हा माझी नोकरी गेली, आणि बेकार नवऱ्याला बायकोच्या जिवावर तिकडे जाऊ देत नाहीत. म्हणून चौकशीचा हवालदार येण्याआधी तिच्या भावाने, बापूने, मला त्याच्या गुळाच्या दुकानात गादीवर बसवले.

"दाजी, जरा मालक दिसा की," म्हणत त्याने स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. तेलकट, घामट.

"हे आमचे भागीदार," त्याने हवालदाराला सांगितले.

"व्हय, पावणं?"

मी मान हलवली. बोललो नाही, म्हणजे खोटे बोललो नाही, अशी समजूत घालून घेतली. किती हा हलकटपणा.

हवालदार निघताना हसला. "टोपी ढिली हाय की. असू दे. बायकोकडंच निघालायसा, दरोड्याला न्हवं."

बापू हसला. मीही हसलो, त्याचीच जास्त शिसारी येते. दोनदा डोके धुतले, तरी त्या टोपीचा वास जात नाही.

खरे सांगितले तर परवाना बहुधा मिळणार नाही. सुमती तिथे एकटीच राहील. मग हा खरेपणा की नुसता ताठा? ठरवता येत नाही. पण तिच्या दारात गुळाचा भागीदार म्हणून उभे राहवणार नाही.

उद्या: चौकीवर जाऊन हवालदाराला 'बेकार' असे लिहायला सांगणे.