तोफगोळ्याचा खळगा

माँतेव्हिदेओ,
११ जानेवारी २०११

ती. वील्मार आजोबांना,
रोमिनाचा सा. न.

एका प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, अजूनही येत नाही. म्हणून ख्यालीखुशाली मागाहून, आधी तेच लिहिते.

काल आपल्या कोलोनियात माझा प्रवाशांचा गट जुन्या वेशीच्या तटापाशी उभा होता. दरवाजाच्या उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर तो खळगा आहे ना, तिथे मी कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे सांगितलं, की हा स्पॅनिश तोफगोळ्याचा घाव. सगळ्यांनी हात घालून फोटो काढले. ब्राझीलच्या एक निवृत्त दंतवैद्य बाई मात्र बोटं फिरवत राहिल्या. म्हणाल्या, पोरी, चाळीस वर्षं लोकांचे दात बघितलेत मी, फुटलेलं कुठलं आणि झिजलेलं कुठलं ते मला कळतं. हे झिजलेलं आहे. कशानं झिजलं?

आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, नुसती हसले आणि थर्मास काढून आपला कडू माते चहा एकाच पेल्यातून सगळ्यांना पाळीपाळीने भरून दिला. बाईंनी पहिला पेला परत देताना आभार मानले. आपल्याकडे आभार म्हणजे पुरे, म्हणून पुढच्या तिन्ही फेऱ्यांत मी त्यांना वगळलं. बिचाऱ्या प्रत्येक वेळी हात पुढे करून बसल्या होत्या. बसमध्ये माझ्या लक्षात आलं तेव्हा फार ओशाळले.

एकोणसत्तर साली तो पडका तट पुन्हा उभारणाऱ्या गवंड्यांत तुम्ही होतात. तुम्हाला ठाऊक असणार. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि ते तुम्हाला मान्य नाही. म्हणून हे पत्र आमच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर, नेल्सनबरोबर पाठवते. उत्तरही त्याच्याकडेच द्या.

हंगामाच्या शेवटच्या सहलीला आमच्या मुख्य मीर्ताबाई स्वतः येणार आहेत. त्यांना पसंत पडले तर नोकरी कायम आणि कोलोनियाची वाट वर्षभर माझी. आईला सांगा, मी वेळेवर जेवते.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू द्या.
तुमची रोमिना

कोलोनिया,
१६ जानेवारी

चि. पदवीधर बाईसाहेबांस,
आजोबांचे अ. आ.

पत्र पोचलं. नेल्सनने अर्धा तास बसून माझे बिस्किटांचे दोन पुडे संपवले, तेव्हा पुढचं पत्र पोस्टाने आलं तरी चालेल. मला ऐकू येतं. लोक हल्ली हळू बोलतात.

त्या दंतवैद्य बाईंना माझा नमस्कार सांग. एवढे साहेब आले, प्राध्यापक आले, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तो आपल्या घराचा उंबरा आहे. तट पाडला तेव्हा गावाने त्याचे दगड उचलून घरं बांधली, तसा आपल्याकडेही एक आला होता. माझी आई, तुझी पणजी, गावाचे कपडे धुवायची. ओल्या कपड्यांची टोपली डोक्यावर घेऊन दिवसातून वीस वेळा ती त्या उंबऱ्यावर पाय ठेवायची. तिच्या आधी तिची सासूही तेच करायची. दगडाला पळीसारखा खळगा पडला.

तटाचं काम संपत आलं आणि दरवाजापाशी एक दगड कमी पडला. कामावर देखरेख करणाऱ्या साहेबांना जुनाच हवा होता, आणि तोही खोदकामात सापडलेलाच. घरांतल्या दगडांना परवानगी नव्हती. मी चोवीस वर्षांचा, अंगात रग. आई नदीवर गेलेली बघून पहारीने उंबरा काढला आणि बसवून टाकला. साहेबांनी खळग्याला बोट लावून विचारलं, हे काय. खरं सांगितलं असतं तर दगड काढायला लावला असता आणि मलाही कामावरून घालवलं असतं. तोंडाला आलं ते बोललो, तोफगोळा. साहेबांनी वहीत टिपलं. पुढे ते छापून आलं.

आई सोळा दिवस माझ्याशी बोलली नाही. सतराव्या दिवशी तटापाशी आली, दगड ओळखला आणि म्हणाली, निदान चांगली बाजू तरी बाहेर ठेवायचीस, आपण किती चाललो ते आता गावभर दिसतं. म्हातारपणी तिथून जाताना वाटाडे सांगत ते ऐकायची आणि घरी येऊन म्हणायची, माझ्या टाचांना स्पेनची तोफ म्हणतात.

हे तुझ्याजवळ ठेव. मी गेल्यावर काय ते कर. स्वयंपाकघरात फुटबॉल संघाच्या फोटोशेजारी तुझं पदवीपत्र लावलंय. संघाने मला पुष्कळदा मान खाली घालायला लावली, त्या कागदाने अजून नाही. दगडापायी नोकरी घालवू नकोस.

तुझ्या आईचे आणि माझे आशीर्वाद एकाच पाकिटात.
वील्मार

काबो पोलोनिओ,
२४ जानेवारी

ती. आजोबांना, सा. न.

वाळूतून ट्रकने हेलकावे खात इथवर आलो. गट समुद्रात डुंबतोय. खडकांवर पहुडलेल्या सीलांचा वास आणि ओरडा इतका, की एका काकांनी मला विचारलं, यांना दुपारची विश्रांती नसते का. मी दीपगृहाच्या पायरीवर बसून लिहिते आहे, आणि बसताना ती पायरी किती झिजली आहे ते आधी बघितलं. तुम्ही मला हे खूळ लावलंत.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. पाच वर्षं विद्यापीठात मी आपल्याच गावाचा इतिहास शिकले. कुठल्या गव्हर्नराने तट बांधला, कुणी वेढा घातला, कुणी तह केला, सगळं पाठ आहे. त्यांच्या सैनिकांचे सदरे कुणी धुतले हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर धोबिणीची पणती.

मीर्ताबाईंना मी आडून विचारलं, पुस्तिकेबाहेरचं काही सांगितलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, मागच्या वर्षीच्या मुलीनेही असंच विचारलं होतं, ती आता चपलांच्या दुकानात असते. तोफगोळ्यापाशी लोक सर्वांत जास्त फोटो काढतात म्हणे.

आजोबा, मला लपवून करायचं नाही. हे तुमच्या तोंडून निघालेलं खोटं आहे, म्हणून तुमची परवानगी मागते. मला तुमची लाज वाटत नाही, अभिमान वाटतो. तो मला मोठ्याने सांगायचा आहे.

रागावलात तरी मायेत कमी करू नका.
रोमिना

कोलोनिया,
३० जानेवारी

चि. रोमिनास, अ. आ.

परवानगी देत नाही.

तुझी आई म्हणते, आजोबांचं ऐक. ती हॉटेलातल्या चादरी धुते ते तू चादरी धुवू नयेस म्हणून. मलाही तेच वाटतं.

काल संध्याकाळी तटापर्यंत फिरून आलो. एक लहान मुलगी खळग्यात गाल टेकून उभी होती. दगड उन्हाने गरम होता.

माझ्या आईचं पूर्ण नाव एल्विरा सिल्वेरा दे बेन्तांकोर. हे आपलं माहितीसाठी.

आहे तशीच राहा.
आजोबा

माँतेव्हिदेओ,
१२ फेब्रुवारी

ती. आजोबांना, सा. न. वि. वि.

परवानगीशिवाय केलं, त्याची आधी क्षमा मागते. पण परवानगी न देणारा माणूस काखेत थर्मास धरून, टोपी नाकापर्यंत ओढून समोरच्या चिनाराखाली कशाला उभा होता, हे मी मीर्ताबाईंना सांगितलेलं नाही.

तुम्हाला तिथून ऐकू आलं नसेल, म्हणून लिहिते. मी म्हटलं, पुस्तिकेत इथे तोफगोळा आहे. खरं तर हा माझ्या घराचा उंबरा. माझ्या पणजीने आणि तिच्या सासूने ओले कपडे वाहून तो झिजवला, आणि माझ्या आजोबांनी तो इथे बसवला. तिचं नाव सांगितलं, तुम्ही लिहिलं होतं तसं पूर्ण. मग एका म्हाताऱ्या बाईंनी पायातला बूट काढला, खळग्याशी धरून मापला आणि म्हणाल्या, माझ्याच मापाची होती. त्या दिवशीचे फोटो नेहमीपेक्षा जास्त निघाले.

मीर्ताबाईंनी वहीत तीन ओळी लिहिल्या. परतताना म्हणाल्या, गोष्ट चांगली आहे, पण पुस्तिका कंपनीची आहे. कोलोनियाची वाट दुसऱ्या मुलीला मिळाली. मला ईस्टरपर्यंत पूर्वेचे समुद्रकिनारे दिलेत, कायम करायचं ते नंतर बघणार आहेत. आईला सांगताना किनारे आधी सांगा. मला वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही, पण त्या रात्री छान झोप लागली.

तुमचा लोभ उंबऱ्यासारखाच राहू दे, कितीही पाय पडले तरी.
तुमची रोमिना

ता. क. हंगाम संपला की आपापली पुस्तिका कंपनीत जमा करावी लागते. तीच पुढच्या वाटाड्याला मिळते. माझ्या प्रतीतली तोफगोळ्याची ओळ मी शाईने खोडली, वर पणजीचं पूर्ण नाव आणि खाली तुमचं लिहिलं, आणि आज सकाळी प्रत जमा केली. पोच घेतली आहे, पाकिटात सापडेल.